बसलेला डॉक्टर

शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात, दाराशेजारच्या भिंतीवर यंदा एक जुनी तसबीर लागली आहे. तिची काच खालच्या कोपऱ्यात तडकलेली आहे आणि कागदावर ओलीचे तपकिरी डाग आहेत. ही तसबीर आम्ही दोघी बहिणींनी शाळेला दिली. आम्ही दोघीही याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी. तसबीर स्वीकारताना मुख्याध्यापक म्हणाले, "तिच्याविषयी चार ओळी पत्रिकेसाठी लिहून द्या, म्हणजे मुलांना कळेल." चार ओळींत ते बसेना, याबद्दल संपादक मंडळाची आधीच क्षमा मागतो.

तसबिरीतलं चित्र इंग्लंडमधलं आहे. चित्राचं नाव 'द डॉक्टर', चित्रकार ल्यूक फाइल्ड्स, साल 1891. मूळ तैलचित्र लंडनच्या टेट गॅलरीत आहे आणि ते सुमारे आठ फूट रुंद, साडेपाच फूट उंच आहे. आमच्याकडची छापील प्रत, तीही काळ्या-करड्या रंगातली. आमच्या बाबांनी ती डॉक्टरकीची परीक्षा पास झाल्यावर, 1953 साली, मुंबईला फोर्टातल्या फुटपाथवर विकत घेतली आणि बेळगावला येऊन गणपत गल्लीत तिला चौकट करून घेतली. बाबा एल.सी.पी.एस. होते. आताच्या मुलांना ही अक्षरं ठाऊक नसतील. एम.बी.बी.एस.च्या खालची ती पदवी. त्या काळी खेड्यापाड्यांतून औषधोपचार करणारे पुष्कळ डॉक्टर ही पदवी घेतलेले असत.

चित्रात आहे ते असं. एका मजुराचं घर. दोन वेगवेगळ्या खुर्च्या एकमेकींना लावून त्यांवर उशी टाकली आहे आणि त्यावर एक आजारी मूल निजलं आहे. त्याचा एक हात बाहेर लोंबतो आहे. शेजारी डॉक्टर बसले आहेत. चांगला कोट घातलेले, दाढीवाले, हनुवटी हातावर टेकून मुलाकडे बघत असलेले. टेबलावर दिवा, त्याची झाकण तिरकी केलेली, उजेड मुलावर पडावा म्हणून. एक पेला आणि औषधाची बाटली. मागे अंधारात मुलाची आई टेबलावर डोकं टाकून बसली आहे आणि बाप तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे. तो मुलाकडे बघत नाही, डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघतो आहे. उजवीकडच्या खिडकीतून पहाटेचा पांढरट उजेड आत येऊ लागला आहे.

बेळगावकरांना या तऱ्हेचं चित्र परकं वाटायचं कारण नाही. के. बी. कुलकर्णी सरांची व्यक्तिचित्रं आपल्या गावानं पाहिलेली आहेत आणि त्यांचे विद्यार्थी रवी परांजपे इथूनच पुढे गेले. दिसतं तसं काढायचं, आणि बघणाऱ्याला माणूस ओळखू आला पाहिजे, ही शिस्त आपल्याकडेही होती. फाइल्ड्स त्याच पठडीतला. तो 1843 साली लिव्हरपूलला जन्मला. 1869 साली 'ग्राफिक' नावाच्या साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकात त्यानं लंडनच्या थंडीत रात्रीच्या आसऱ्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या गरिबांचं चित्र काढलं. ते पाहून डिकन्सनं आपल्या शेवटच्या कादंबरीची चित्रं त्याच्याकडे दिली. पुढे तो श्रीमंतांची आणि राजघराण्याची व्यक्तिचित्रं काढून नावारूपाला आला.

'द डॉक्टर' काढून घेतलं ते हेन्री टेट या साखरेच्या कारखानदारानं, तीन हजार पौंड देऊन. साखरेच्या पैशातून शाळा-कॉलेजं उभी राहिलेली आपण आपल्या जिल्ह्यात पाहतोच, तिकडे चित्रांचं दालन उभं राहिलं. विषय काय घ्यायचा हे मात्र टेटनं चित्रकारावर सोडलं होतं. फाइल्ड्सच्या मनात विषय आधीपासून होता. त्याचा थोरला मुलगा फिलिप 1877 साली नाताळच्या दिवशी सकाळी वारला. त्या आजारात डॉ. मरे नावाचे डॉक्टर ज्या रीतीनं मुलाजवळ बसत, ते त्याच्या मनातून गेलं नाही. त्यानं कोळ्यांच्या झोपड्यांतून हिंडून रेखाटनं केली, मग आपल्या लंडनच्या चित्रशाळेत तसं एक घर खऱ्या मापाचं उभं केलं, तुळया-खिडकीसकट, आणि त्यात माणसं बसवून चित्र काढलं. म्हणजे ज्याला आपण अगदी खरंखुरं म्हणतो ते नाटकासारखं रचलेलं आहे. त्याचं स्वतःचं घर चांगलं सुखवस्तू होतं, तरी दुःख त्यानं गरिबाच्या घरात नेऊन ठेवलं. हे कौतुकाचं की खटकणारं, यावर आमचं दोघींचं एकमत नाही.

पहाटेविषयी मात्र त्यानं स्वतःच सांगून ठेवलं आहे. जीवघेण्या आजारात पहाटेची वेळ नाजूक असते, आणि खिडकीत उजेड दिसू लागतो तेव्हा आईबापांना आशा धरायचा धीर होतो, अशा अर्थाचं.

आता आमच्या गावाकडे येतो. बाबांचा दवाखाना खानापूरच्या पुढे, जंगलाच्या कडेच्या एका गावात होता. त्या बाजूचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. मलप्रभा तिथूनच निघते. घराच्या पडवीत दवाखाना, त्यात एक कपाट, एक बाकडं, स्टोव्हवर उकळायला ठेवलेल्या काचेच्या सिरिंजा, आणि बाकड्यासमोरच्या भिंतीवर ही तसबीर. आम्ही शाळेसाठी बेळगावला आजीकडे राहत होतो. शनिवारी अर्धी शाळा सुटली की गावी जायचो आणि सोमवारी पहाटे परत यायचो.

लहानपणी आमचा या डॉक्टरवर राग होता. तो काहीच करत नाही. त्याच्या गळ्यात नळी नाही, हातात सुई नाही, तो नाडीसुद्धा बघत नाही. धाकटीचं म्हणणं, तो झोपलाय. थोरलीचं म्हणणं, तो पैशांसाठी थांबलाय. मूल खुर्च्यांवर का निजवलंय, याचं उत्तर आम्हाला बाबांनी दिलं. "त्यांच्याकडे खाट एकच असेल. किंवा नसेलही. आणि दिव्याजवळ मूल आणायचं तर खुर्च्याच बऱ्या." टेबलावरची बाटली दाखवून ते म्हणत, हे बघा, आपल्यासारखंच मिक्श्चर. बाबांच्या बाटल्यांना डोस कळावेत म्हणून कागदाची दातेरी पट्टी कापून चिकटवावी लागे, आणि ते काम आमच्याकडे असे. त्यामुळे या बाटलीला पट्टी का नाही, हा आमचा दुसरा आक्षेप.

दवाखान्यात येणाऱ्यांनी चित्राचे आपापले अर्थ लावले होते. बरेच जण त्या डॉक्टरला मुलाचा आजोबा समजत. एक म्हातारी आत येताना तसबिरीला हात जोडायची, दाढीमुळे तिला कोणी महाराज वाटले असावेत. बाबांनी तिला कधी सांगितलं नाही. गावात त्याला नाव पडलं होतं 'बसलेला डाक्टर', आणि आमचे बाबा 'चालणारा डाक्टर', कारण सायकल जाईना अशा वाटा फार.

खरी गोष्ट बाबांनी आम्हाला जरा मोठ्या झाल्यावर सांगितली. 1891 साली त्या डॉक्टरजवळ देण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. जंतू सापडू लागले होते, कॉखनं क्षयाचा जंतू 1882 साली दाखवला होता. नळीही होती, ताप मोजायची काचही होती. फाइल्ड्सनं यांतलं काहीच चित्रात घातलं नाही. पण जंतू मारील असं औषध यायला अजून चाळीस-पन्नास वर्षं होती. पेनिसिलिन फ्लेमिंगला सापडलं 1928 साली आणि लोकांपर्यंत आलं ते दुसऱ्या महायुद्धात. आपल्याकडे पिंपरीचा कारखाना 1954 सालचा. तेव्हा न्यूमोनिया झालेल्या मुलाजवळ 1891 चा डॉक्टर काय करणार? कपाळावर ओली पट्टी, चमचाभर औषध, आणि रात्रभर बसणं. बाबा म्हणत, "त्यानं बसणं एवढंच औषध होतं, ते त्यानं दिलं. माझ्याकडे तर कपाटभर आहे."

हे ते 1967 च्या पावसाळ्याआधी म्हणत.

त्या वर्षीच्या जुलैत एका शनिवारी आम्ही गावी होतो. थोरली अकरा वर्षांची, धाकटी नऊ. बाबा तिन्हीसांजेला दुसऱ्या गावाहून चिंब भिजून आले होते आणि अंगात कसकस होती म्हणून लवकर निजले. रात्री केव्हातरी दार वाजलं. दोघे भाऊ होते, डोक्यावर घोंगडीच्या खोळी, हातात कंदील. नाल्यापलीकडच्या वाडीतून आले होते. त्यांतल्या एकाचा चार वर्षांचा मुलगा दोन दिवस तापानं फणफणला होता आणि आता पोटात उडत होतं. गावात त्याला डबा म्हणत, बाबा न्यूमोनिया म्हणत. आम्ही आतल्या खोलीत अंथरुणात जाग्या होतो आणि सगळं ऐकत होतो.

बाबांनी नाल्याला पाणी किती ते विचारलं. "छातीला लागतंय. झाडाला दोर बांधलाय, त्येला धरून आलोय. तुमास्नीबी मधी धरून नेतो." आई म्हणाली, अंगात ताप आहे, या काळोखात कुठं जाता. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग कपाट उघडल्याचा आवाज आला. त्यांनी गोळ्या दिल्या, पुड्या कशा द्यायच्या ते सांगितलं, आणि म्हणाले, "उजाडलं की येतो." ते दोघे लगेच गेले नाहीत. पडवीत जरा वेळ उभे राहिले. मग कंदील दारापुढून गेला.

बाबा परत निजले की नाही ते आम्हाला माहीत नाही. साडेपाचला ते पिशवीत पेनिसिलिन आणि सुया घेऊन बाहेर पडले. पाऊस थांबला होता. आठच्या आत परत आले आणि पिशवी खाली न ठेवताच बाकड्यावर बसले. नाल्यावर पोचले तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं होतं, पण पलीकडच्या काठानं दोन माणसं कुदळ घेऊन जाताना त्यांना दिसली. हे आईनं आम्हाला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. त्या सकाळी तिनं एवढंच केलं, पिशवीतून औषधाची न फोडलेली कुपी काढून कपाटात जागच्या जागी ठेवली.

पुढच्या शनिवारी गेलो तर भिंतीवर तसबीर नव्हती. तिच्या जागी चुन्याचा उजळ चौकोन होता. कुणी काही बोललं नाही, आम्हीही विचारलं नाही. तसबीर धोतराच्या तुकड्यात गुंडाळून कपाटामागे उभी केलेली धाकटीला दिसली. काच तेव्हाच तडकली असावी.

आम्ही दोघी आजवर या रात्रीवरून भांडतो. थोरली म्हणते, जे पाणी ओलांडून ते दोघे आले, त्याच पाण्यातून ते बाबांना नेणार होते. त्यांनी दोर बांधला होता. बाबांनी जायला हवं होतं. औषध होतं, आणि पहिल्या रात्री टोचलं तर त्यानं मुलं वाचत, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. धाकटी म्हणते, अंगात ताप, पुराचं पाणी, घरात दोन पोरी, आणि बाबांना पोहता येत नव्हतं. ते वाहून गेले असते तर पुढची तीस वर्षं त्या गावाला डॉक्टर नव्हता. दोघींचंही खरं आहे, असं म्हणून हे भांडण मिटत नाही. आम्ही पाहिलं आहे.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा पोहायला शिकले. एकोणचाळीसाव्या वर्षी. पाटलांच्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून, गावच्या पोरांच्या घोळक्यात. पोरं काठावरून हसत होती. आम्हीही हसलो, कारण बाबांचा चष्मा काढल्यावर त्यांना पायऱ्या दिसत नसत. का शिकताय, असं त्यांना कुणीच विचारलं नाही. त्यानंतर रात्रीच्या बोलावण्याला त्यांनी नाही म्हटल्याचं आम्हाला आठवत नाही. दोनदा ते उगाच गेले असंही झालं, एकदा तर पोटदुखी नव्हे, जेवण जास्त झालं होतं. शिव्या घालत परत आले, पण गेले.

त्या मुलाचे वडील दवाखान्यात येत राहिले. दुसरीकडे जाणार कुठे? ताप, खोकला, बैलाची लाथ, बायकोचं बाळंतपण. बाबा त्यांच्याकडून पैसे घेत नसत आणि ते दर वेळी बाकड्यावर पैसे ठेवून जात. ही ओढाताण दहा-अकरा वर्षं चालली. मग 1978 च्या दिवाळीच्या सुट्टीत, थोरली तेव्हा घरी होती, ते नातवाला घेऊन आले. बाबा आत सुई उकळत होते. बाकड्यावर बसून त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "डाक्टर, तो बसलेला डाक्टर कुठं गेला वो?"

बाबांनी उत्तर दिलं नाही. स्टोव्हचा आवाज चालू होता.

"काढलासा का? लई वर्सं झाली. आणा की भाईर. त्येच्याकडं बघत बसलं तर येळ जातोय."

बाबांनी नातवाला तपासलं, औषध दिलं. ते गेल्यावर कपाट पुढे ओढलं आणि थोरलीला हातोडी आणायला सांगितली. जुना खिळा गंजला होता, नवा ठोकावा लागला. त्या गृहस्थांना तसबीर का काढली हे ठाऊक होतं का, की खरंच वेळ जाण्यापुरतं हवं होतं, हे आम्हाला सांगता येत नाही. बाबांनाही बहुधा ठाऊक नव्हतं. त्या दिवशी बाकड्यावर ठेवलेले पैसे त्यांनी पहिल्यांदा उचलून खणात टाकले, हे मात्र थोरलीनं पाहिलं.

चित्राचं पुढे जगात काय काय झालं तेही सांगण्यासारखं आहे. अमेरिकेत 1947 साली तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेला शंभर वर्षं झाली म्हणून या चित्राचं तिकीट निघालं. दोनच वर्षांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या योजनेला विरोध करायला त्याच संघटनेनं हेच चित्र गावोगाव लावलं, डॉक्टर आणि रोगी यांच्यामध्ये सरकार नको म्हणून. ज्या घरात दुसरी खाट नाही त्या घराचं चित्र या कामी यावं, याचं आम्हाला आश्चर्य वाटतं. आपल्याकडे ते जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यांतून पुष्कळ दिसायचं. मुलांनी आजी-आजोबांना विचारून पाहावं.

बाबा 1999 साली गेले. दवाखाना त्याआधीच बंद झाला होता, घर पुढे विकलं. तसबीर आमच्याकडे फिरत राहिली, काही वर्षं थोरलीकडे, काही धाकटीकडे. शाळेला देताना विश्वस्तांनी आपुलकीनं सुचवलं की खाली पितळी पट्टी लावू, बाबांचं नाव आणि 'सेवाभावी डॉक्टर यांच्या स्मरणार्थ' असं. आम्ही नको म्हटलं. त्यांचा मान ठेवूनच म्हटलं, आणि कारण वर लिहिलं आहे. आता तिच्याखाली चित्राचं नाव, चित्रकाराचं नाव आणि साल एवढंच आहे. अक्षर चित्रकलेच्या सरांचं.

तसबीर लावली त्या दिवशी सातवीचा वर्ग बसला होता. दुपारी खिडकीतलं ऊन काचेवर येतं आणि चित्र दिसेनासं होतं, म्हणून मुलांनी बाकं सरकवून पाहिलं. सरांनी कोण काय करतंय ते विचारलं. एका मुलानं बरोबर ओळखलं की बाप डॉक्टरकडे बघतोय. एकानं विचारलं, खुर्च्या वेगवेगळ्या का? मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिनं आम्हाला विचारलं, "ते मूल वाचलं का?"

थोरली म्हणाली, "वाचलं." धाकटी म्हणाली, "माहीत नाही." दोन्ही एकदमच. वर्ग हसला.